गुरुजी पहिलीत

समोरचा माणूस चुकला की गुरुजी उजव्या डोळ्याखाली बोट ठेवत, पापणी खाली ओढून आतला लाल भाग दाखवत आणि शांतपणे विचारत, "डोळे आहेत ना?" समोरचा मान खाली घाली. मग बोट काढून ते म्हणत, "मग बघ की."

आवाज कधी चढवत नसत. तशी गरजच पडायची नाही. गावातले नातवंडं झालेले पुरुषसुद्धा ते बोट डोळ्याकडे जाताना दिसलं की बोलायचे थांबत. तुम्हालाही असा एखादा मास्तर भेटला असेल, शाळा सुटली तरी न सुटलेला.

मला ते भेटले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रत्नागिरीहून पालीच्या बाजूला आत गेलं की कातळावर त्यांचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या एका खोलीत एका संस्थेने प्रौढांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला होता. शिकवायचं काम कॉम्प्युटरकडे आणि कॉम्प्युटर सांभाळायचं माझ्याकडे. संध्याकाळी काजूच्या कारखान्यातून, कलमांच्या बागांतून कामं उरकून बायका येत. पडद्यावर अक्षरं उमटत आणि आतला बाईचा आवाज विचारी, "यातला म कोणता?" अक्षरावर बोट ठेवायचं. बरोबर आलं तर आवाज म्हणे, "शाब्बास." चुकलं तर, "पुन्हा प्रयत्न करा." दोन्ही एकाच सुरात.

गुरुजींना कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ते आले, खिडकीजवळची खुर्ची ओढून बसले आणि मग रोज येत राहिले. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. त्यांना सगळ्यात जास्त राग त्या 'शाब्बास'चा.

"बाई," ते मला म्हणाले, "अख्ख्या नोकरीत मी हा शब्द वापरला नाही. तुमच्या डब्याने एकाच संध्याकाळी संपवला."

वर्गात सुगंधा नावाची बाई होती. नवरा मुंबईला, गणपतीलासुद्धा येत नसे. तिचा घ आणि ध यांत नेहमी घोटाळा व्हायचा. एकदा 'घर' आलं आणि तिने 'धर' वाचलं. गुरुजी खिडकीतून म्हणाले, "घर आणि धर यातला फरक हिला कळत नाही. म्हणून तर हिचा नवरा घर धरत नाही."

बायका हसल्या. सुगंधाही हसली, आणि पुढचे काही दिवस वर्गाला आली नाही. वाईट हे की वाक्य चपखल होतं. त्या रात्रीच गावभर झालं.

मग एक दिवस गुरुजींची बायको आली. भांडी घासून, ओले हात पदराला पुसत आली आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसली. मी त्यांना काकी म्हणायची. शिक्षकाच्या बायकोला अक्षर येत नाही, याचं मला नवल वाटलं. गावाला वाटत नव्हतं. गावच्या शाळेतली वर्षं सोडली तर गुरुजी बदलीच्या गावी खोली घेऊन राहत. काकींनी इकडे सासू-सासरे, भात, गुरं सगळं ओढलं होतं.

"लग्न झाल्यावर मी हिला पाटी आणून दिली होती," गुरुजींनी सगळ्यांदेखत सांगितलं. "हिने तिच्यावर लसूण सोलली."

पुन्हा हशा. काकी पडद्याकडे बघत राहिल्या.

त्या पाटीचं मी त्यांना नंतर एकदा विचारलं. त्यांनी डाव्या हाताची करंगळी माझ्यासमोर धरली. मधल्या पेरात ती वाकडी होती. "अ उलटा काढला मी. पाटीची कड मारली बोटावर. दोनच दिवस शिकवला त्येनी. मग पाटी पडूनच होती, लसूण सोलली तिच्यावर." आणि कॉम्प्युटरकडे हनुवटी करून म्हणाल्या, "ह्यो मारीत नाय. कितीदा चुकला तरी तसाच बोलता. त्याला राग येत नाय."

काकी भराभर पुढे गेल्या. गुरुजी रोज काहीतरी बोलत, पण काकींच्या कानाला आता दुसराही आवाज होता.

ज्या दिवसाचं सांगते त्या दिवशी काकींनी पहिलं अख्खं वाक्य वाचलं. "आई मुलाला हाक मारते." पडद्यातून "शाब्बास" आलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी उठले. येताना उजवीकडच्या बाकाला मांडी आपटली, तरी थांबले नाहीत.

"ऊठ," ते काकींना म्हणाले. "म्हणावं त्याला, मला शिकव काय ते."

काकी उठल्या, गुरुजी बसले. पडद्यावर चार अक्षरं आली. आवाजाने विचारलं, "यातला म कोणता?" गुरुजींनी ऐटीत बोट टेकवलं.

"पुन्हा प्रयत्न करा."

त्यांनी दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं. "पुन्हा प्रयत्न करा." पहिल्यांदा कुणीतरी नाकातून हसलं. आम्हाला वाटलं, गुरुजी गंमत करताहेत. ते तिसऱ्यांदा चुकले तसा अख्खा वर्ग हसायला लागला. मीही हसले. सुगंधा जागेवरून उठली, गुरुजींच्या समोर आली, उजव्या डोळ्याखाली बोट ठेवून तिने पापणी ओढली आणि म्हणाली, "गुरुजी, डोळे आहेत ना?"

त्यानंतर कुणाला हसू आवरेना.

"यंत्र बिघडलंय," गुरुजी म्हणाले. "ही कुठली अक्षरं टाकलीत? ही मराठी नाही." मग भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि ते कधी बदललंत?"

तो तक्ता त्यांच्याच काळातला होता. हसणं हळूहळू विझत गेलं. फक्त काकींचं थांबायला वेळ लागला. पदराचा बोळा तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसत होत्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गावातली एक गाडी करून आम्ही गुरुजींना रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूचा स्कॅन झाला. चित्रं कॉम्प्युटरवरून मुंबईच्या तज्ज्ञाकडे गेली. त्याने उघडण्याआधीच कॉम्प्युटरने डावीकडे, मागच्या बाजूला एक डाग लाल रंगवून ठेवला होता. रक्ताची गुठळी.

"त्रास कधी सुरू झाला?" इथल्या तरुण डॉक्टरने विचारलं.

"दुपारी," काकी म्हणाल्या. "जेवताना उजवीकडचा तांब्या लवंडला. तो दिसलाच नाय त्यांना. डोका दुखता म्हणाले. मी बोलले, डाक्टरकडं चला. मना म्हणाले, तुला काय कळतं?"

डॉक्टर म्हणाला, तेव्हाच आणलं असतं तर कदाचित गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं. गुरुजी पलंगावरून ऐकत होते. ऐकणं, बोलणं सगळं शाबूत होतं.

डॉक्टरने त्यांच्या हातात कागद दिला. "आजोबा, काहीतरी लिहा." गुरुजींना आजोबा म्हणणारा तो पहिलाच माणूस असावा. त्यांनी पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घासकट लिहिलं, 'मी शुद्धीत आहे. मला घरी जाऊ द्यावे.' डॉक्टरने कागद काढून घेतला, क्षणभराने पुन्हा त्यांच्यासमोर धरला. "आता वाचा."

गुरुजींनी कागद जवळ घेतला, लांब धरला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कोणाचं अक्षर?" त्यांनी विचारलं. "किती गिचमिड. याला कोणी शिकवलं?"

मुंबईचा तज्ज्ञ हे पडद्यावरून बघत होता. तो खूश झाला. असा रोगी क्वचित मिळतो, म्हणाला. लिहिता येतं, पण स्वतःचं लिहिलेलंही वाचता येत नाही. डोळे चांगले आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर ते ओळखणाऱ्या जागेपर्यंत पोचत नाही. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना बोलावलं. पडद्याच्या चौकटीत तरुण चेहरे दाटीने गोळा झाले.

"पुन्हा एकदा, आजोबा. लिहा आणि वाचा."

गुरुजींनी पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचता आलं नाही. विद्यार्थ्यांतलं कुणीतरी हळूच "बाप रे" म्हणालं. तिसऱ्या वेळी गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, सरावाने थोडं परत येईल. लहान मुलासारखं अक्षर गिरवायचं, पहिल्यापासून. कॉम्प्युटरवर असे धडे असतात, तुमच्या भागात कुठे सोय आहे का?

होती. माझ्याच खोलीत.

गुरुजी आले. इस्त्रीचा सदरा तोच, खिशाला पेन तेच. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि बोटाने अक्षराच्या वळणावरून फिरू लागले. डोळ्यांना न कळलेलं कधीकधी बोटाला कळायचं. 'म' तीनदा गिरवला की पुटपुटत, "हां. म." पडद्याने पहिल्यांदा "शाब्बास" म्हटलं तेव्हा, कोण बोललं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

वर्गाने त्यांना सोडलं नाही. रोज कुणीतरी वाचायला पाटी, पिशवी, औषधाची बाटली पुढे करी. "गुरुजी, ह्यावर काय लिवलाय? मना येत नाय." सुगंधा तर एकदा कागदावर मोठ्ठं 'घर' लिहून घेऊन आली. गुरुजींनी खूप वेळ गिरवलं. "धर," ते म्हणाले. सुगंधाने कागदाची घडी केली. मला वाटलं होतं ती आनंदेल. ती मुकाट्याने जागेवर जाऊन बसली आणि त्यानंतर तिने त्यांना कधी काही विचारलं नाही.

पावसाळ्याच्या आधी गुरुजींनी येणं सोडलं. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "बाई, तो मला शाब्बास म्हणतो आणि शेजारणीलाही म्हणतो. त्याला आमच्यातला फरक कळतो का?"

"नाही, गुरुजी."

"मग काय उपयोग," ते म्हणाले आणि खुर्ची जागेवर सरकवून गेले.

मी त्यांना भेटायला घरी गेले. पडवीत गुरुजी खुर्चीत, समोर जमिनीवर भिंतीला टेकून काकी. त्यांच्या हातात पेपर होता. पूर्ण उघडून तोंडासमोर धरलेला. ओठ मिटलेले, फक्त डोळे ओळीवरून सरकत होते.

"मोठ्याने वाच," गुरुजी म्हणाले.

"आता मनातल्या मनात येता मना," काकी म्हणाल्या.

"काय आलंय?"

"हाय कायतरी. तुमच्या कामाचा नाय."

मी काकींकडे बघितलं असावं. त्या मला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "सुट्टीवर आले की असेच पेपर घेऊन बसायचे, मी भाकऱ्या करताना. मी विचारायची, काय आलाय? ते म्हणायचे, तुझ्या कामाचं नाही."

पेपरचं मागचं पान गुरुजींच्या बाजूला होतं. त्यावरच्या ठळक बातमीकडे बघून ते गुडघ्यावर बोटाने काहीतरी गिरवायला लागले. एक अक्षर झालं, मग दुसरं. पुन्हा पहिल्यापासून. कपाळावर घाम आला.

"पाणी," ते म्हणाले. "पाणी आहे का गो तिथे? पहिला शब्द?"

मी दारात उभी होते. मला तो मथळा दिसत होता. पहिला शब्द 'पाणी' हाच होता.

काकींनी पेपर उलटून पाहिलासुद्धा नाही. "नाय," त्या म्हणाल्या.

"अस्सं," गुरुजी म्हणाले. गुडघ्यावरचं बोट त्यांनी मुठीत घेतलं. मी तोंड उघडायच्या आत काकी पेपर खाली ठेवून उठल्या. "बस गो बाय, चाय टाकतंय."

त्याच पावसाळ्यात गुरुजी गेले. दुसरा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. अख्खा गाव लोटला. सुगंधा हुंदके देऊन रडली. काकी पाहुण्यांच्या चहाचं बघत होत्या.

नंतर एकदा सकाळच्या एसटीने मी लवकर पोचले आणि त्यांच्या घरावरून चालले होते. आतून आवाज आला म्हणून अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबले. काकी पेपर वाचत होत्या. मोठ्याने, पहिल्या पानापासून, एकेक शब्द सोडवत. घरात दुसरं कुणी नव्हतं. समोर रिकामी खुर्ची होती.

एका जोडाक्षराशी त्या अडखळल्या आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या, कुणीतरी टोकेल अशा. कुणी टोकलं नाही. मग त्यांनी तो शब्द तसाच, चुकीचा वाचला आणि पुढे गेल्या.