मंगलचं वाक्य

काल इथं संभाजीनगरला शिकवणीच्या वह्या तपासताना लाल शाईचा वास आला आणि मी पुन्हा कन्नडजवळच्या त्या शाळेत जाऊन पोचले. तिथं माझं नोकरीचं पहिलंच वर्ष होतं.

त्या दिवशी मी नववीला इंग्रजीतलं ‘बट’ शिकवत होते. दोन वाक्यं या शब्दानं जोडा, पण स्वतःबद्दल काहीतरी लिहा, असं सांगितलं होतं. मेंढपाळाची मंगल वर्गात सगळ्यांत हुशार. तीच पहिली वही घेऊन आली. तिनं लिहिलं होतं, ‘आय ॲम गुड स्टुडंट बट माय मॅरेज ऑन संडे.’

“वाक्यं छान जोडलीस,” मी म्हणाले. “पण दुसऱ्या वाक्यात क्रियापद कुठंय? आणि ‘गुड’ या विशेषणाआधी ‘अ’ हवा.” मी लाल शाईनं ‘अ’ घातला, ‘इज’ घातलं.

“आता बरोबर हाय का, बाई?”

“अगदी बरोबर.”

सोमवारी तिची जागा रिकामी होती. शेजारची मुलगी म्हणाली, “तिचं काल लगीन झालं, बाई.” तेव्हा कुठं मला ते वाक्य कळलं. शाळा सुटल्यावर मी तिच्या वस्तीवर गेले, पण ती सासरी गेली होती. मंगल पुन्हा मला कधीच दिसली नाही.

दिसते ती त्या दिवशीचीच. वही परत दिल्यावरही ती टेबलापाशी उभी आहे, माझ्या तोंडाकडं बघत. आणि मी तिला म्हणतेय, “जा, बस जागेवर.”