थोरल्या पावण्यांची खिडकी

सबंध कोल्हापुरात रागावण्याचा खरा हक्क एकाच माणसाला होता आणि तो माणूस म्हणजे माझे थोरले साडू, असं मी आजही म्हणेन. बाकीचं गाव रस्त्यांवरून रागावतं, नळाच्या पाण्यावरून रागावतं, रस्सा पातळ झाला म्हणून ताट सरकवून उठतं. साडू रागवायचे ते आपल्याबरोबर ठोकळे खेळायला कुणी बसत नाही म्हणून. ठोकळे म्हणजे मुलांचेच, एकात एक बसणारे, रंगीत प्लॅस्टिकचे. लहानपणी फौजेतल्या काकांनी त्यांना असा एक डबा आणून दिला होता. शेजारच्या मित्राबरोबर ते खेळायचे. एक ठोकळा याने लावायचा, पुढचा त्याने, आणि बांधून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. पुढे डबा हरवला, मित्र नोकरीला लांब गेला आणि साडूंनी सगळी हयात साखर कारखान्याच्या गोदामात काढली. तिथे पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या आणि खिडकी एकही नव्हती.

निवृत्त झाल्यावर ते पेठ वडगावला पुतण्याच्या मुलाच्या वाढदिवसाला गेले आणि तिथे मुलांच्या घोळक्यात त्यांना पुन्हा ठोकळे दिसले. पंगत उठली तरी हे मांडी घालून तिथेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून स्वतःसाठी भला मोठा खोका आणला. दुकानदाराने मूल केवढं आहे असं विचारलं, तेव्हा त्यांनी अडुसष्ट असं उत्तर दिलं आणि वर त्यालाच झापलं, की वय विचारायची रीत आहे का ही.

मग जोडीदाराचा शोध सुरू झाला. पहिला प्रयोग गल्लीतल्या मुलांवर. पण ती खोक्यावरचं चित्र बघून बांधायची आणि साडूंनी मध्येच कुठे खिडकी बसवली की तक्रार करायची, ‘आजोबा, चित्रात इथं खिडकी न्हाय.’ साडू दोन दिवस धुमसत होते. म्हणाले, नकाशा आधीच काढलाय तर बांधायला गवंडी ठेवा, मला कशाला बोलावता. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या पेन्शनरांना त्यांनी रीतसर आमंत्रण दिलं, तर त्यांनी घरी निरोप धाडला की यांची साखर तपासून घ्या. शेवटी ते जवळच्या तालमीत गेले आणि वस्तादांना म्हणाले, मला जोड लावून द्या. वस्तादांनी भल्या मनाने एक थोराड पैलवान दिला. खेळापूर्वी सलामी द्यायची, म्हणजे कुस्तीआधी देतात तसा हाताला हात लावायचा, हा साडूंचा नियम त्या गड्याला फार आवडला. पण थोडी भिंत चढल्यावर त्याने विचारलं, ‘काका, निकाल कसा लागायचा?’ निकाल लागत नसतो, असं साडूंनी सांगितलं. ‘मग खेळायचं कशापायी?’ असं म्हणून तो आदबीने नमस्कार करून उठला. त्या दिवशी साडू माझ्या दारात येऊन कडाडले, ‘ह्या गावात निकाल न्हाय तर माणूस जांभईबी देत न्हाय.’

मलाही त्यांनी बसवून पाहिलं होतं. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलेला माणूस, बोलायचं नाही हा नियम मला अगदी सोयीचा. पण त्यांनी मला लवकरच नापास केलं. ‘तुम्ही पुस्तक वाचल्यागत खेळताय. सारखं शेवट कुठं हाय ते बघताय.’

जोड मिळाली ती घरातच, आणि तिथे कुणी शोधली नसती. आमच्या सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे शाहूवाडीहून थोरल्या लेकीकडे येऊन राहिल्या होत्या. साडूंच्या लग्नात त्यांच्या चुलत्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं आणि साडू अक्षता पडायच्या वेळी रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले. तेव्हापासून सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नसत. एका खोलीत बसूनही लेकीमार्फत निरोप चालायचे: पावण्यांना म्हणावं, पंखा कमी करा. एका दुपारी साडू त्यांच्या पलंगालगतच्या टेबलावर एकटेच दोन्हीकडून खेळत होते. स्वतःलाच सलामी देऊन त्यांनी एक ठोकळा लावला, तेवढ्यात पलंगावरून म्हातारीचा हात आला आणि पुढचा ठोकळा लागला. न बोलता खेळायचा सराव या दोघांइतका जगात कुणालाच नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी डाव. साडू जिथेतिथे खिडक्या लावायचे, घराला वारं पाहिजे म्हणून. सासूबाई खिडकीच्या तोंडाशी लगेच विटा चढवायच्या, चोराला वाट कशाला म्हणून. डाव आटोपला की दोघं लेकीकडे एकमेकांची तक्रार करायची. ती बिचारी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायची.

दिवाळीनंतर साडू गेले. दुपारी चहाला उठले आणि पुन्हा टेबलाशी आलेच नाहीत. जे त्यांना हसले होते ते सगळे मातीला आले, आणि माणूस किती हौशी होता असं एकमेकांना सांगत होते. माझा अजूनही संताप होतो. इतकी हौस कळत होती तर एका दुपारी येऊन बसला असतात. दिवसकार्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना जागा हवी म्हणून कुणीतरी टेबलावरचं ते ठोकळ्यांचं अर्धं घर मोडून पिशवीत भरायला लागलं. तेव्हा सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की ओट्यावरची माणसं आत आली.

‘हात लावू नका. त्यांची पाळी ऱ्हायलीय.’

घर तसंच राहिलं. मी दर रविवारी जातो, चहा घेतो, त्या घराकडे बघतो आणि परततो. गेल्या रविवारी सासूबाईंनी ठोकळ्यांचा खोका माझ्याकडे सरकवला आणि हात पुढे केला. मी सलामी दिली.

‘तुमचं लावू नका,’ त्या म्हणाल्या. ‘थोरल्या पावण्यांनी काय लावलं असतं, त्ये लावा.’

मला शोधावं लागलं नाही. मी खिडकी लावली. त्यांनी सवयीने एक लाल वीट उचलली, खिडकीच्या तोंडाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग ती पलीकडच्या भिंतीवर बसवली.

‘असू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘वारं येतंय.’