भूतकाळाचा ताल

स्कारबरोत शनिवारी आमचा स्पॅनिशचा वर्ग असतो. भूतकाळाची रूपं आली तेव्हा, शाळेत संस्कृत घोकलं होतं तशी, मी ती तालावर म्हणू लागले. आब्ले, आब्लास्ते, आब्लो. "ही पोपटपंची झाली, भाषा अशी शिकत नाहीत," बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं.

चाचणीत माझी एकटीचीच सगळी रूपं बरोबर आली. तर विचारतात, फोन बघून लिहिलंस का? माझं डोकंच फिरलं. हाताची घडी घालून उभी राहिले आणि तीन क्रियापदं एका दमात म्हणून दाखवली.

पुढच्या शनिवारी बाई टाळ्या वाजवत अख्ख्या वर्गाकडून तेच म्हणून घेत होत्या. म्हणे, ही माझी नवी पद्धत. वर मलाच म्हणाल्या, तुझा ताल चुकतोय.