हर्षदीपचा उरलेला पाय

भागीरथाबाईनं तव्यावर भाकर टाकली, तेव्हा हर्षदीप पलंगाच्या कडेला बसून नकली पायाचे पट्टे आवळत होता. ती तव्याकडंच पाहत राहिली. मुलगा तो पाय काढू-घालू लागला की माय तोंड फिरवते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक झालं होतं.

"माय, दोनच भाकरी कर. वजन वाढलं त बोर्डावर डॉक्टर बोलतीन."

"बोलू दे. घरी बसवलं त बरंच."

"तुह्या मनासारखं व्हायचं असतं त मी मास्तर झालो असतो," हर्षदीप हसला.

डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगानं नेला होता. सीमेवरच्या गस्तीत पुढं चालणारा जवान जागच्या जागी फाटला, त्याचं रक्तमांस हर्षदीपच्या तोंडावर उडालं. स्वतःचा पाय बुटासकट झुडपाला लटकलेला त्यानं पाहिला आणि शुद्ध जायच्या आत रायफलच्या पट्ट्यानं मांडी आवळून टाकली. एवढं होऊनही पोरगं नकली पाय घालून पलटणीत परत गेलं. नव्या पोरांना मशीनगन खोलायला-जोडायला शिकवायचं काम मिळालं. पोरं त्याला उस्ताद म्हणायची. ते सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

आता सुट्टी संपली की मेडिकल बोर्ड होतं. ठेवायचं की घरी धाडायचं, ते तिथं ठरणार. डाव्या पायाचा गुडघ्याखाली जो तुकडा उरला होता, त्याची कातडी फुटू द्यायची नाही, जखम चिघळली तर नोकरी गेली, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे ऐकल्यापासून भागीरथाबाईच्या मनात एक वाईट विचार ठाण मांडून बसला होता. फुटली तर फुटू दे. तो तिनं कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं.

"काकू! उघडा!"

बाहेर बांधाशेजारच्या उद्धवरावांचा गोपाल. सदरा रक्तानं माखलेला. "डुकरानं बाबाले फाडलं! फासात अडकलं व्हतं, बाबा काठी घेऊन जवळ गेले. आता फासाचा खुंटा उपटून राह्यलं!"

"बाकीचे गडी कुठं हायेत?"

"झाडावर!"

भागीरथाबाई दारात आडवी झाली. "तू नाई जायचं. एक पाय हाय तुले."

"दोन हायेत माय. एक सरकारचा हाय," म्हणत त्यानं कोपऱ्यातली टोकदार लोखंडी सब्बल उचलली आणि तिला हातानं बाजूला सारलं.

ती मागोमाग धावली. शेतातली कपाशीची पऱ्हाटी चिखलासारखी तुडवली गेली होती. उद्धवराव उताणे पडलेले, मांडी वितभर उघडलेली, दोन्ही हातांनी ती मिटून धरायची धडपड चाललेली. पलीकडं रानडुक्कर. क्लचच्या तारेचा फास त्याच्या पोटात रुतलेला, तोंडाला लाल फेस. हिसका मारला की खुंटा वर येई.

"गोपाल, बाबाले माघारी ओढ! माह्याकडं पाहू नको!" हर्षदीप ओरडला आणि मुद्दाम जनावराच्या समोर गेला.

खुंटा उपटला. डुक्कर तारेसकट त्याच्यावर आदळलं. सुळा नकली पायावर बसला, पाय काडकन फुटला, हर्षदीप पाठीवर पडला. जनावर वळून पुन्हा अंगावर आलं. त्यानं पडल्या पडल्या सब्बल त्याच्या मानेखाली खुपसली आणि अंगाचा भार देऊन दाबली. डुक्कर किंचाळलं, पण मरेना. फुटलेल्या पायात सुळा अडकवून त्यानं हर्षदीपला सरीतून फरफटत नेलं. हर्षदीपनं सब्बल उपसली, पुन्हा घातली. गरम रक्त त्याच्या छातीवर सांडलं, डोळ्यांत गेलं. तो आंधळ्यासारखा भोसकत राहिला. जनावर निपचित पडल्यावरही त्याचा हात थांबला नाही. शेवटी भागीरथाबाईनंच जाऊन त्याचं मनगट धरलं.

"मेलं रे बापा. मेलं ते."

मग तो कोपरांवर सरपटत उद्धवरावांकडं गेला आणि उपरण्यानं त्यांची मांडी करकचून बांधली. झाडावरचे गडी उतरले. एका जीपमध्ये दोघांनाही घालून इचोड्याच्या दवाखान्यात नेलं.

उद्धवराव वाचले. हर्षदीपच्या उरलेल्या पायाला टाके पडले. नकली पायाच्या फुटक्या काठानं मागची कातडी मांसापर्यंत फाडली होती. टाक्यांमधून रक्तपाणी झिरपत होतं. रोज दोन वेळा धुऊन पट्टी बदला, हयगय केली तर पू होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

संध्याकाळी घरी आल्यावर भागीरथाबाईनं पाणी उकळलं, त्यात मीठ टाकलं आणि भांडं त्याच्यापुढं ठेवून वळली. जे मनात धरलं होतं, तेच झालं होतं. आता काही करायचीही गरज नव्हती. नुसतं तोंड फिरवून बसलं, तरी पोरगं घरी राहणार होतं.

"माय."

"काय हाय?"

"मागून फाटलं हाय. माहा हात पोचत नाई. तू रोज धुऊन दे."