जामिनाचा सातवा दिवस

माझा आतेभाऊ धारला पाण्याच्या पंपांचा डीलर होता. पंप देवासच्या एका कारखान्यातून येत. तो दुसऱ्या कंपनीचा मालही विकतो, असं सांगून कारखान्याने त्याचा पुरवठा बंद केला आणि धारसाठी नवा डीलर ठरवला. तो कोर्टात गेला. निकाल लागेपर्यंत त्याला माल देत राहावा आणि दुसरा डीलर नेमू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम त्याला मिळाला. अट एकच होती. सात दिवसांत जामीनदार हजर करायचा. खटला हरला तर कारखान्याचा खर्च आणि नुकसान जामीनदाराकडून वसूल होणार. मुदतीत जामीनदार आला नाही तर हुकूम रद्द.

त्याचं घर आणि दुकान आधीच बँकेकडे तारण होतं. हाटपिपल्याजवळची थोडी जमीन माझ्या नावावर आहे. मी देवासला एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. आता निवृत्त आहे. त्याने फोनवर विचारलं, मी लगेच हो म्हणालो. तो पहिला दिवस होता. त्यानंतर त्याने दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही.

आमच्याकडे जामीनदार जमिनीची ऋणपुस्तिका घेऊन कोर्टात जातो. तिला सगळे पावतीच म्हणतात. कोर्टाचा बाबू तिच्यात लाल शाईने जामिनाची नोंद करतो. ती नोंद निघेपर्यंत जमीन अडकून राहते.

सातव्या दिवशी सकाळी इंदूरला बस बदलून मी धारकडे निघालो. बेटमा गेल्यावर पावती काढून पाहिली. मागची पानं कोरी होती. जमीन विकायचा माझा विचार नव्हता, आजही नाही. मुलांचं चांगलं चाललं होतं. नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही. पावती पिशवीत परत ठेवली आणि धार येईपर्यंत काय सांगायचं ते ठरवलं.

तो कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होता.

"दादा, चला पटकन. वकीलसाहेब बाबूला धरून बसलेत, नाहीतर तो जेवायला सटकेल."

"पावती घरी राहिली," मी म्हणालो.

तो हसला. "मजाक नका करू यार दादा. इथे माझा बीपी आधीच वर आहे."

"खरंच राहिली."

त्याने घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजले होते. "चला, हरकत नाही. वहिनींना सांगतो. शेजारच्या एखाद्या भियाला मोटरसायकलवर पाठवतील. चारपर्यंत पोचेल."

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्याने फोन लावला. आवारात गलका होता, म्हणून स्पीकर सुरू केला.

"भावजी, ती तर मीच सकाळी ह्यांच्या पिशवीत घातली," माझी बायको म्हणाली. "चष्म्याच्या डबीखाली आहे. नीट बघायला सांगा, ह्यांना समोरचंही दिसत नाही."

"हो वहिनी, बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

पिशवी माझ्या खांद्याला होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पावती काढून त्याच्या हातात देता आली असती. तेव्हाही वेळ होता. मी तसाच उभा राहिलो.

वकील बाहेर आले. "लाओ भिया, पावती निकालो."

"घर पे मिल नी री, साब," माझा भाऊ म्हणाला. "इनकी गलती नी है."

वकिलांनी मुदत वाढवून मागितली. कारखान्याच्या वकिलांनी हरकत घेतली. मुदत वाढली नाही, हुकूम रद्द झाला. घरी मी बायकोला सांगितलं की आपली पावती कोर्टाला चालली नाही. महिन्याभरात धारला नवा डीलर बसला. खटला अजून चालू आहे. भाऊ आता त्याच दुकानात पंपांच्या जुन्या मोटारी दुरुस्त करतो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. पंगतीत कुणीतरी त्याला विचारलं की हातात आलेला स्टे गेला कसा.

"त्या दिवशी पावतीच सापडली नाही घरी," तो म्हणाला. "दादा तरी काय करणार." मग वाढणाऱ्याला म्हणाला, "दादांच्या पानात श्रीखंड वाढा."

माझी बायको समोरच्या ओळीत बसली होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून जेवत राहिलो.