सीमारेषेपर्यंत सोबत

हिंगणघाटच्या आमच्या मैदानाला लागूनच कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे जाणारा रस्ता आहे. हिवाळ्यात तिथून कापसाच्या गाड्या सुरूच असतात. याच मैदानावर आम्ही गावातले जुने खेळाडू रविवारी शाळांच्या संघांशी सामने खेळतो. आमच्यात कुणी किराणा दुकानवाला, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त कारकून. मी जिनिंगच्या मशिनींचे सुटे भाग विकतो आणि सलामीला खेळायचो.

या सामन्यांना एक नियम आहे, आणि तो मीच घातलेला आहे. ज्यानं बाद केलं त्यानं बाद झालेल्यासोबत सीमारेषेपर्यंत चालत जायचं आणि तो का बाद झाला ते सांगायचं. उगाच कौतुक करायचं नाही, खोटं बोलायचं नाही. शाळेतली मुलं बाद झाली की मान खाली घालून निघून जातात. सर सोमवारी ओरडतात, तोवर तो चेंडू कुणाच्या लक्षात नसतो. म्हणून जे सांगायचं ते तिथल्या तिथे.

नियम दोन्ही बाजूंना सारखाच. पण आम्हाला बाद केलं की मुलं लाजायची. चार पावलं सोबत येऊन, चांगलं खेळलात काका, असं काहीतरी पुटपुटून परत पळायची. मला याचा भयंकर राग यायचा. सांगायची हिंमत नसेल तर विकेट कशाला घेता, असं मी त्यांना बजावायचो.

मागच्या हिवाळ्यात माझ्या धावा आटल्या. दर सामन्यात त्रिफळा. मी परत येऊन सांगायचो की बरोबर चेंडूच्या वेळी गोलंदाजाच्या मागून कापसाची गाडी गेली, चेंडू दिसलाच नाही. आमच्या मैदानावर ही तक्रार जुनीच आहे आणि सगळेच ती कधी ना कधी करतात. कप्तान माझ्याहून बराच लहान, माझ्यासोबतच सराव करून तयार झालेला. तो मान डोलवायचा. सलामीची जागा जाईल की काय, ही धास्ती मला होती. घरी रोजच्या जेवणावर चिडण्याइतकी होती. दुकानात बसून मी रविवारचीच वाट पाहायचो, आणि तिथे पहिला चेंडू मीच खेळणार हे मला हवं होतं.

जानेवारीतल्या एका सामन्यात दहावीतली एक मुलगी डावखुरी गोलंदाजी करत होती. वेग बेताचाच, पण टप्पा पक्का. तिच्या दुसऱ्याच षटकात माझा मधला स्टंप गेला. मी नेहमीप्रमाणे रस्त्याकडे पाहिलं. गाडी खरंच जात होती, कापसानं शिगोशीग भरलेली. मला हायसं वाटलं.

मुलगी नियमाप्रमाणे सोबत चालू लागली. तिनं काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "गाडी आली ना मधात."

तिनं रस्त्याकडे पाहिलं. ही पण आता परत पळणार, असं मला वाटलं. पण ती चालत राहिली.

"काका, गाडी आलती. पण कापूस पांढरा होता ना. लाल बॉल तर त्याच्यावर चांगला दिसते."

मी थांबलो. तीही थांबली.

"तुमची बॅटच उशिरा येऊन राह्यली. मागच्या दोन मॅचपासून पाहून राह्यली मी. म्हणून सरळच टाकला."

राग तर आलाच. दहावीतली पोर मला खेळ शिकवते, असं मनात आलं. पण तिच्या आवाजात मस्ती नव्हती, भीती होती. भीत भीत का होईना, ती सीमारेषेपर्यंत आली. मी तिला फक्त म्हणालो, "टप्पा असाच ठेवजो." ती पळत परत गेली.

उरलेला डाव मी सावलीत बसून पाहिला. त्यानंतर रस्त्यानं बऱ्याच गाड्या गेल्या. मागून गाडी जात असतानाही आमच्या बाकीच्यांना चेंडू दिसत होता.

पुढच्या रविवारी कप्तान फलंदाजीचा क्रम ठरवत होता, तेव्हा मीच त्याला म्हणालो, "मले खाली टाक, सातव्या नंबरले."

तो काऊन म्हणून विचारेल, असं वाटलं होतं. काय सांगायचं तेही मी ठरवून आलो होतो.

त्यानं विचारलं नाही. "बरं," म्हणाला, आणि सलामीला जायला दुसऱ्याला हाक मारली. हा दुसरा आधीच पॅड बांधून बसला होता.