सयाजीचं थांबलेलं बोट

बेल्ह्याच्या बैलबाजारात सयाजीच्या बोटाला मान होता. सौदा ठरत आला की घेणारा म्हणायचा, आधी सयाजीला दाखवा. मग हा गडी बैलाच्या पाठीवरून बोट फिरवायचा, केस उलटे वळलेत का, म्हणजे गोम आहे का, ते बघायचा. गोमेचं जनावर धन्याला खातं, असं सगळेच मानायचे. सयाजीनं आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं, हेही खरं.

पण चोपन्न साली शेजारच्या भिकाचा खोंड बाजारात उभा राहिला आणि सयाजीच्या पोटात दुखायला लागलं. खोंड मूळचा त्याच्याच गाईचा. मरतुकडा म्हणून त्यानंच भिकाला देऊन टाकलेला. भिकाच्या बायकोनं, साळुबाईनं, पेज पाजून त्याला जगवला. आता लोक भोवती कडं करून उभे. ‘काय जनावर केलंय राव!’ सयाजीच्या बैलांकडं कुणी ढुंकून बघेना. जळला हो माणूस, पार आतून जळला.

नारायणगावचा एक बागायतदार खोंड घ्यायला तयार झाला. त्या पैशावर भिकाची विहीर व्हायची होती. सयाजीचं बोट पाठीवरून निघालं आणि वशिंडामागं थांबलं. त्यानं नुसतं ‘च्’ केलं आणि बाजूला झाला. बागायतदार छत्री उचलून चालता झाला. मग दुसरं कोण घेतंय!

घरी जाताना सयाजी मनाशी म्हणत होता, आपण खोटं बोललो कुठं? आपण तर बोललोच नाही. लोक काय समजायचे ते समजले. शिवाय भिका हल्ली जरा माजलाच होता, विहीर झाली असती तर जमिनीवर पाय ठरला नसता. उलट भलंच केलं त्याचं. बांध येईस्तोवर त्याला हे सगळं पटलंसुद्धा.

आठ दिवसांनी भिकानं खोंड आणून त्याच्या दारात बांधला.

‘गोमेचं जनावर जिथलं तिथं द्यावं म्हणत्यात. दिलं तवाच सांगायचं व्हतं, भाऊ,’ एवढंच बोलून तो गेला. बरोबर आलेली साळुबाई खोंडाकडं न बघताच वळली.

सयाजीची बायको कुशाबाई खोंडाला गोठ्यात घेऊ देईना. ‘मला माझं कुंकू जड न्हाई झालं.’

‘अगं, गोम न्हाईच त्याला.’

‘मग बोट का थांबलं?’

‘गोचीड दिसली.’

‘तर मग जावा, भिकाला तसं सांगून या.’

सयाजीनं पायताण घातलं, उंबऱ्यापर्यंत गेला. खोंड भिकाच्या घराकडं तोंड करून हंबरत होता. सयाजी माघारी फिरला.

‘मी बोललोच कुठं,’ तो म्हणाला, ‘की आता शब्द माघारी घेऊ?’